मैत्रीण मागच्या बाकावर जाऊन बसली

पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात.) मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय 38, शाळेत शिकवतात, मंडळीत (म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये) संडे स्कूल आणि महिला मंडळ दोन्ही त्यांच्याकडं. त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण स्टाफ नर्स आहे. मैत्रिणीचे वडील किडनीच्या आजारात ऑगस्टमध्ये वारले. त्याआधी मंडळीनं 21 दिवस साखळी उपास-प्रार्थना केली होती, आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी भर सभेत सांगितलं होतं की बाबा स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये येतील. बाबा आले नाहीत. तेव्हापासून मैत्रीण उपासनेला येते, पण मागच्या बाकावर बसते, गाणं म्हणत नाही, प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेत नाही. एकदा स्कूटीवरून घरी सोडताना म्हणाली, "मला आता वाटतच नाही गं कुणी ऐकतंय म्हणून." ताईंनी तिथल्या तिथं बायबलातली चार वचनं सांगितली, दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यापासून उत्तर येणं बंद झालं. ताईंचे मिस्टर म्हणतात लांब रहा, संशय लागट असतो. महिला मंडळातल्या बायका विचारतात, तिला काय झालंय. ताई विचारतायत, पाळकसाहेबांना सांगू का? कुठली वचनं दाखवू? लांब राहू का? आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय की तिचा जेवणाचा डबा महिन्यापासून माझ्याकडंच पडलाय, द्यायला जायचा धीर होत नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री मलाही झोप लागत नाही.

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि प्रश्नचिन्हं मोजली (शाळेची जुनी खोड, तुम्हालाही असेलच), तर निघाली नऊ. त्यातली तीन मैत्रिणीबद्दल आणि सहा तुमच्याबद्दल. माझं काय चुकलं, मी काय बोलायला पाहिजे होतं, मी संडे स्कूल घेते तर लेकरांच्या आईबापांना काय वाटेल, माझ्यावर परिणाम होईल का. हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये, घाबरलेलं माणूस असंच लिहितं. पण मैत्रिणीला कसं सावरू हे बघायच्या आधी तुम्ही कशानं घाबरलात ते बघावं लागेल, नाहीतर तुम्ही तिच्याकडं जाल आणि स्वतःचीच समजूत घालून परत याल.

आधी मिस्टरांचं. संशय लागट असतो म्हणे. मला सांगा, त्या 21 दिवसांत तुम्ही उपास धरला होता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण महिला मंडळ तुमच्याकडं आहे म्हणजे साखळीचा तक्ता तुम्हीच केला असणार, कुणी किती ते किती वाजेपर्यंत, आणि कुणी गळलं की ती वेळ तुम्हीच भरली असणार. सभेत ते प्रचारक बोलले तेव्हा तुम्हीपण आमेन म्हटलं असणार. मग ऑगस्टमध्ये दफनभूमीत माती टाकताना तुमच्याही हातात माती होतीच की. तिची प्रार्थना जशी रिकामी परत आली तशीच तुमचीपण आली. तिनं ते स्कूटीवर बोलून टाकलं आणि तुम्ही वचनांखाली झाकून ठेवलं, एवढाच फरक. तिच्यापासून काही लागलेलं नाही तुम्हाला ताई. तुम्ही दोघी एकाच घरच्या दुखवट्यात आहात, आणि तुम्ही मात्र डॉक्टर असल्यासारखं तिचं नाडीपरीक्षण करायला निघालात.

आता ते स्कूटीवरचं वाक्य परत वाचा. ती म्हणाली, कुणी ऐकतंय असं वाटत नाही. देव नाही असं म्हणाली नाही, येशू खोटा असं म्हणाली नाही, चर्च सोडते असंही म्हणाली नाही, उलट दर रविवारी येऊन बसते. मागं का होईना, बसते. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत कितीतरी माणसं हेच बोलतात हो. 13 वं स्तोत्र काढा, पहिल्याच ओळीत किती वेळ विसरणार म्हणून विचारणं आहे. 88 वं काढा, ते तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी कुणी ते पुस्तकातून काढून टाकलं नाही. आपण मात्र महिला मंडळात धीर देणारी 23 वं आणि 121 वं आलटून पालटून घेतो. म्हणजे तिच्या तोंडचं वाक्य पवित्र शास्त्रातलंच होतं, आणि तुम्ही तिला शास्त्रातली दुसरी चार वाक्यं देऊन गप्प केलंत. रागावू नका, मीपण केलंय हे, लय वेळा केलंय.

आणि याची दुसरी बाजू मला माहितीये म्हणून सांगते.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बावीसेक वर्षांची होते, उदगीरला रहायचे. अनंत चतुर्दशीची रात्र, लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत दगडमातीची घरं अंगावर आली. 10,000 च्या आसपास माणसं गेली. आम्ही तरुण संघाची पोरंपोरी चादरी, पाव, जुने कपडे घेऊन गेलो. एका तंबूत कुणीतरी बाहेरून आलेला माणूस हातात बायबल धरून सांगत होता की हे पापाचं फळ आहे, अजून वेळ गेलेली नाही. समोर एक बाई लेकराची एकच चप्पल हातात घेऊन बसलेली. मी बाहेर येऊन ओकले, खरंच ओकले. घरी येऊन बायबल पिशवीत ठेवलं ते दीड वर्ष काढलं नाही. चर्चला जाणं बंद. मग मंडळी आली ना घरी! कुणी म्हणलं सैतानाचा हल्ला आहे, कुणी म्हणलं लग्न लावून द्या, कुणी म्हणलं शिकल्यामुळं झालं.

आमच्या मंडळीत एक रिटायर झालेले काका होते. ते दर रविवारी उपासना सुटली की आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, चहा प्यायचे, म्हशीचं, बोअरच्या पाण्याचं, भावकीच्या भांडणाचं बोलायचे आणि निघून जायचे. दीड वर्षात एकदाही, चर्चला कामून येत नाहीस गं, असं विचारलं नाही. पुढं मी आपण होऊन जायला लागले (कसं ते मलाही नीट सांगता येणार नाही, एका नाताळला गेले आणि मग जातच राहिले), तेव्हा त्यांना विचारलं की काका तुम्ही का यायचात. तर म्हणाले, घरी शुगरमुळं बिनसाखरेचा चहा मिळायचा, तुझ्याकडं साखर असायची.

तर येशूच्या शिष्यांतल्या थोमाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये दरवर्षी इस्टरनंतर घेत असाल. कशी घेता? मला माहितीये कशी घेतात. संशयी थोमा, येशूच्या जखमेत बोट घालीन तरच तो मेलेल्यातून उठला असा विश्वास ठेवीन म्हणाला, मग येशू आला, मग तो लाजला, तर मुलांनो आपण थोमासारखं व्हायचं नाही. पण योहानाच्या 20 व्या अध्यायात मधे एक छोटीशी गोष्ट आहे, ती आपण उडी मारून पुढं जातो. आठ दिवसांनी. दहाजण सांगतायत आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणतोय मी नाही मानत, आणि आठ दिवसांनी पुन्हा शिष्य आत बसलेत, दारं लावलीत, आणि थोमा त्यांच्यात आहे. म्हणजे त्यांनी त्याला काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. ते आठ दिवस कसे गेले असतील याचा विचार करा ना. दहाजणांच्या तोंडावर आनंद आणि एकाचं तोंड पडलेलं, आणि तरी जेवायला एकाच ताटाभोवती. तो तिथं होता म्हणून तर येशू आला तेव्हा त्याला भेटला. आणि परंपरा खरी धरली तर भारतात सुवार्ता घेऊन आला तो हाच थोमा, केरळातले ख्रिस्ती लोक आजही त्याचंच नाव सांगतात.

तुमच्या मैत्रिणीचे हे आठ दिवस चाललेत. ते आठ महिने असतील, आठ वर्षं असतील. ते संपवणं तुमच्या हातात नाही, तेवढे दिवस ती खोलीत राहील असं वागणं मात्र थोडंफार तुमच्या हातात आहे.

आता पाळकसाहेबांना सांगायचं का. मी म्हणते तिला विचारल्याशिवाय नाही. ती तुमच्याशी बोलली, मंडळीशी नाही. पाळक चांगले असतील, ऐकून घेणारे असतील तर तिला सरळ म्हणा, "मी सोबत येते, बोलायचंय का त्यांच्याशी?" नको म्हणाली तर विषय संपला. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, महिला मंडळात तिचं नाव प्रार्थना विनंती म्हणून घेऊ नका. आपल्यात चुगलीला सगळ्यात सभ्य नाव प्रार्थना विनंती आहे. "अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचा विश्वास डळमळीत झालाय", झालं, संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी बातमी. बायका विचारतात तिला काय झालंय, तर सांगा वडील वारलेत तिचे. तेच झालंय तिला.

यात अजून एक आहे, आपण फार थोडे आहोत. 2011 च्या जनगणनेत आख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक 1 टक्क्याच्याही आत, आणि त्यातले बहुतेक मुंबई-वसईकडं, मराठवाड्यात तर एकेका गावात बोटावर मोजण्याइतकी घरं. बाहेर लोक विचारणार तुम्ही कधी बाटलात, आणि आत कुणी प्रश्न विचारला की आपल्याला वाटतं भिंतीची वीट निघाली. म्हणून आपण संशयाला एवढं भितो, त्यात विश्वासाचा भाग कमी आणि संख्येचा जास्त. मुलीचं लग्न कुठं होणार, दफनभूमीत जागा मिळणार का, नाताळला घरी कोण येणार, हे सगळं एकाच मंडळीला बांधलेलं. तुमच्या मैत्रिणीला संशयाबरोबर हे सगळं हरवायची भीती वाटत असणार, कदाचित म्हणूनच ती येऊन बसत असेल. मागच्या बाकाकडं जरा आदरानं बघा.

कुठली वचनं दाखवू, असं विचारलंत. सध्या एकपण नको. सकाळचं फॉरवर्ड आजपासून बंद करा, माफी-बिफी मागत लांबलचक मेसेजही नको. तुम्हाला स्वतःला पाहिजे असतील तर देते. लेकरं, घरदार, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला तर देवानं आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, बोलणं नंतर. आणि ज्या पौलाच्या अंगावरच्या रुमालांनी माणसं बरी व्हायची त्यानंच तीमथ्याला लिहिलंय की आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मी मिलेतात आजारी ठेवून आलो. आजारी ठेवून आलो! कारण दिलेलं नाही, कुणाचा विश्वास कमी पडला असं नाही, काही नाही. त्या प्रचारकांनी हे वाक्य कधी वाचलं होतं का कुणास ठाऊक.

त्या प्रचारकांवर जरा थांबू, कारण तुम्ही पत्रात त्यांच्यावरून अर्ध्या ओळीत निघून गेलात आणि मला वाटतं गाठ तिथंच आहे. तुमची मैत्रीण नर्स आहे. वडिलांचे रिपोर्ट तिला वाचता येत होते, क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, डायलिसिस कितव्यांदा, तिला आकड्यांत दिसत होतं काय चाललंय. आणि भर सभेत देवाच्या नावानं एकजण सांगतो की चालत येतील, आणि शंभर माणसं आमेन म्हणतात, तुम्हीपण म्हणता. मग ती आपल्या शिक्षणाला गप्प बसवते. रिपोर्ट वाचता येणाऱ्या लेकीला आपण बापाचा रिपोर्ट वाचू दिला नाही, शेवटचं जे बोलायचं ते बोलू दिलं नाही, कारण निरोप घेणं म्हणजे अविश्वास झाला असता. देव ऐकतो का हा प्रश्न तिला पडला तो नंतर. त्याआधी माणसं देवाच्या नावानं खोटं बोलली, आणि त्याबद्दल आजपर्यंत कुणी तिला चुकलं म्हणलेलं नाही. वडील गेल्यावर काय म्हणले असतील तेही मला माहितीये, स्वर्गात चालतायत ना.

म्हणून तुम्हाला तिच्याशी बोलायचंच असेल तर इथून बोला. "तू सभेत बसली होतीस आणि मी आमेन म्हणले. मला नव्हतं म्हणायला पाहिजे." एवढंच. याच्यापुढं पण-बिण जोडू नका. ती रडेल, भडकेल, किंवा काहीच बोलणार नाही. मंडळीच्या कमिटीत तुमचं चालत असेल तर पुढच्या वेळी आजाऱ्याबद्दल असलं भाकीत माईकवरून होणार नाही एवढं बघा, ते तिच्यासाठी शंभर वचनांपेक्षा जास्त होईल.

बाकी थोडं थोडं. प्रभुभोजन घेत नाही तर नको घेऊ दे तिला, ती मनातलं आणि हातातलं एक ठेवतेय, यात अप्रामाणिकपणा कुठं आहे. ताट तिच्यापुढून जाताना वळून बघू नका. साक्ष द्यायला उभं करू नका, ती बरी झाली असं वाटलं तरी वर्षभर नको. येणारा नाताळ बाबांशिवायचा पहिला, त्या आठवड्यात करंज्या करायला तिच्या घरी जा किंवा तिला बोलवा, हात कामात असले की तोंड आपोआप चालतं. इस्टरच्या पहाटे दफनभूमीत जाणार असाल तर एकटीला सोडू नका. आणि हे नीट ऐका, ती झोपत नसेल, जेवत नसेल, जगून काय करायचं असलं काही बोलली तर तो विश्वासाचा प्रश्न धरून बसू नका. सरळ विचारा जीव द्यायचे विचार येतात का, विचारल्यानं ते वाढत नाहीत. सरकारची मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तसं वाटलं तर पाळक, परवानगी, काही बघायचं नाही, तिला एकटी सोडायचं नाही आणि डॉक्टरकडं न्यायचं.

हे वाचणाऱ्यांत वेगळ्या संशयवाल्यांचे मित्रही असतील. कॉलेजातून आलेलं पोरगं उत्पत्तीचे सहा दिवस आणि उत्क्रांती यावरून वाद घालत असेल तर त्याला मात्र गप्प बसणारा काका चालणार नाही, त्याच्याशी वाद घालणारं माणूस पाहिजे, पुस्तकं वाचलेलं, आणि "माहीत नाही" म्हणता येणारं. कुणाचा विश्वास ट्रस्टच्या जमिनी आणि कोर्टाच्या तारखा बघून उडाला असेल तर त्याच्यापुढं मंडळीची वकिली करू नका, तो बरोबर बोलतोय. आणि कुणाला नुसतं कोरडं पडल्यासारखं झालं असेल, काही दुःख नाही, राग नाही, प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं, तर त्याला सांगा की मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा कळलं, त्या बाईनं अशा कोरड्यात दशकंच्या दशकं काढली आणि काम सोडलं नाही.

प्रश्न विचारणारी बाई मंडळीत नको वाटत असेल कुणाला तर पंडिता रमाबाई आठवा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत बसल्या, त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर, मला पटल्याशिवाय मी मान्य करणार नाही या बाण्यानं. सिस्टरबाई बिचाऱ्या हैराण. आणि पुढं याच बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं. तेव्हा कुणी तिला मागच्या बाकावरून उठवलं असतं तर?

ताई, एक अवघड शक्यता राहिली. असंही होईल की ती परत पुढच्या बाकावर येणारच नाही. एक दिवस मागूनही उठून जाईल. काका माझ्याकडं यायचे तेव्हा मी परत जाईन याची त्यांना काहीच खात्री नव्हती, आणि मी गेले नसते तरी ते आलेच असते असं मला वाटतं, साखरेसाठी का होईना. तुम्हाला तसं जमेल का ते स्वतःला विचारा. तिच्या विश्वासाच्या अटीवर मैत्री असेल तर तिला ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल, नर्स आहे ती, माणसांचे चेहरे वाचते रोज.

आणि तुमची झोप. ते शेवटचं वाक्य तुम्ही उगीच शेवटी टाकलं नाही. तुम्हालाही कुणीतरी लागेल, मंडळीतलं किंवा शेजारच्या गावच्या मंडळीतलं, वयानं मोठं, ज्याच्यासमोर तुम्ही मैत्रिणीचं नाव न घेता स्वतःचं सांगू शकाल. संडे स्कूल दोन महिने कुणाला तरी द्या, सांगा बरं नाही, खोटं नाही ते. मार्काच्या 9 व्या अध्यायात त्या पोराच्या बापानं येशूला तोंडावर सांगितलं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, दोन्ही एका श्वासात, आणि येशूनं आधी अविश्वास मिटवून ये असं म्हणलं नाही, पोराला बरं केलं. तुम्हाला रात्री जाग आली की तेवढं एक वाक्य पुरे, त्याच्यापुढं ओढून-ताणून प्रार्थना करू नका. मिस्टरांनाही हे सांगा जमलं तर. त्यांनाही भीती वाटतेय, तुमची.

राहिला तो डबा. या रविवारी उपासना सुटली की संध्याकाळी द्यायला जा. रिकामा डबा द्यायचा नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको, धपाटे करा, शेंगदाण्याची चटणी घाला, तिला तिखट चालत असेल तर ठेचा. चिठ्ठी-बिठ्ठी घालू नका त्यात. दार उघडलं की म्हणा, "डबा लय दिवस राहिला गं माझ्याकडं." आणि ती आत बोलवेपर्यंत थांबा.